ड्रॉइंगमधली मराठी: ऑटोकॅडमध्ये फॉन्ट बसवणे आणि बदलणे

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग उघडले आणि मराठी मजकूर नीट दिसला नाही, की बहुतेक जण लगेच नेटवरून फॉन्ट उतरवायला लागतात. त्याआधी पडद्यावर नेमके काय दिसतेय ते बघा. मी कऱ्हाडला ड्राफ्टिंग करते. बांधकाम परवानगीचे नकाशे, ले-आउट, नळपाणी योजनांची ड्रॉइंग आणि अधूनमधून फॅब्रिकेशनवाल्यांसाठी गेटवर कापायची नावे, असे माझे काम आहे. या सगळ्यांत मराठी असतेच, आणि ती चार प्रकारांनी बिघडते. प्रकार ओळखला की उपाय निम्मा हातात आला.

पहिला प्रकार: मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. ‘पुणे’ हवे तिथे आय, क्यू, टिंब, के, एस अशी रांग दिसली, तर तो मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे आणि तुमच्या संगणकावर कृतिदेव नाही. दुसरा: ओळीभर प्रश्नचिन्हे. मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत) मराठीत आहे, पण त्याची टेक्स्ट स्टाइल, म्हणजे फॉन्ट आणि उंची ठरवणारी नोंद, सिम्प्लेक्ससारख्या एसएचएक्स या ऑटोकॅडच्या स्वतःच्या जातीच्या फॉन्टवर लावलेली आहे आणि त्या फॉन्टात देवनागरी अक्षरेच नाहीत. तिसरा: रिकामे चौकोन. इथे फॉन्ट ट्रूटाइप (विंडोजमध्ये बसवायचा नेहमीचा फॉन्ट) आहे, पण देवनागरी नसलेला. चौथा प्रकार सर्वांत फसवा. अक्षरे मराठीच दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार सुटतो, पाय मोडलेली अक्षरे जुळत नाहीत आणि ‘कऱ्हाड’चे तुकडे पडतात. तिथे फॉन्ट सापडलेला असतो, जोडाक्षरे जुळवण्याचे काम मात्र झालेले नसते.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. एसएचएक्स फॉन्ट सापडला नाही तर ऑटोकॅड खिडकी उघडून विचारते. ट्रूटाइप फॉन्ट सापडला नाही तर काही न विचारता दुसरा वापरते. म्हणून ‘मला कुठलीही सूचना आली नाही, म्हणजे फॉन्ट आहेत’ असे धरून चालू नका. स्टाइल कमांड द्या आणि यादीतली प्रत्येक स्टाइल एकेक करून बघा. हरवलेल्या फॉन्टच्या नावाशेजारी पिवळे इशाऱ्याचे चिन्ह दिसते.

तीन जातींचे फॉन्ट

एसएचएक्स ही ऑटोकॅडची स्वतःची जात. ती पेन-प्लॉटरच्या काळातली आहे. पेन कागदावर टेकवायचे, रेघ मारायची, उचलायचे, पुढे न्यायचे, एवढेच तिच्यात नोंदलेले असते. म्हणून तिची अक्षरे एकरेषी असतात, फाइल हलकी राहते आणि रेघेची जाडी लेयर किंवा पेन-सेटिंगवरून ठरते. मोजमापे, इंग्रजी टिपा, लेव्हल यांसाठी मी आजही हीच वापरते.

दुसरी जात जुन्या मराठी ट्रूटाइप फॉन्टांची: कृतिदेव, शिवाजी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्ही-टीटी नावाने सुरू होणारे फॉन्ट. यांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो. त्या अक्षरांच्या घरांत मराठी आकार भरलेले असतात. प्रत्येक फॉन्टने ही घरे आपापल्या पद्धतीने वाटली. त्यामुळे कृतिदेवमधला मजकूर शिवाजीत टाकला तर वेगळाच गोंधळ दिसतो.

तिसरी जात युनिकोड ट्रूटाइपची: मंगल, निर्मला, मुक्ता, यशोमुद्रा, नोटो सान्स देवनागरी. इथे ‘क’ हा सगळीकडे ‘क’च असतो. ऑटोकॅड २००७ पासून डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या, फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये साठवला जातो, त्यामुळे नवीन ड्रॉइंगमध्ये जुने फॉन्ट वापरायला काही कारण उरलेले नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की मूळ ड्रॉइंगमधली मराठी युनिकोड अक्षरे म्हणूनच राहिली पाहिजे: शोधता येणारी, दुरुस्त करता येणारी. तिला रेषा करायचे असेल, दुसऱ्या कशात बदलायचे असेल, तर ते बाहेर जाणाऱ्या प्रतीत करायचे.

ट्रूटाइप बसवताना

फॉन्टची फाइल झिपमध्ये असेल तर आधी बाहेर काढा. मग फाइलवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. नुसते ‘इन्स्टॉल’ नको. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून नुसते ‘इन्स्टॉल’ म्हटले की फॉन्ट त्या एका वापरकर्त्याच्या फोल्डरात जातो. वर्डला तो दिसतो, पण ऑटोकॅडच्या कित्येक आवृत्त्यांना दिसत नाही. ‘वर्डमध्ये आहे, ऑटोकॅडमध्ये नाही’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच तपासते. ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड लागेल; तो ज्यांच्याकडे आहे त्यांना बसवून हे एकदाच करून घ्या. बसवल्यावर ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडा, तोवर नवा फॉन्ट यादीत येत नाही.

मंगलबद्दल वेगळे सांगते, कारण जुन्या ड्रॉइंगांत तो फार आहे. हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला, आणि विंडोज २००० पासून सगळीकडे असायचा. विंडोज १० पासून तो आपोआप असेलच असे नाही. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडले की तो येतो. संगणकावर मराठी भाषा जोडली तरी येतो. त्यासाठी कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून फाइल उतरवू नका.

गूगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये पुष्कळदा एक व्हेरिएबल फॉन्ट असतो आणि ‘स्टॅटिक’ नावाचे फोल्डर असते. ऑटोकॅडसाठी स्टॅटिक फोल्डरातल्या रेग्युलर आणि बोल्ड या दोनच फाइली बसवा. सगळी वजने बसवलीत तर स्टाइलची यादी लांबत जाते आणि पुढचा माणूस भलतेच वजन निवडतो.

आता स्टाइल बनवा. फॉन्ट निवडा, उंची शून्य ठेवा म्हणजे प्रत्येक मजकुराला वेगळी उंची देता येईल, रुंदीचा गुणक एक ठेवा. इंग्रजी अक्षरे ०.८ वर दाबली तरी चालतात. मराठी अक्षरे दाबली की ‘ष’चा ‘प’ आणि ‘घ’चा ‘ध’ वाटायला लागतो, आणि नकाशावर मालकाच्या नावात हे होता कामा नये. ही स्टाइल टेम्प्लेट फाइलमध्येच जतन करा.

उंचीचाही विचार करा. ऑटोकॅडमध्ये ट्रूटाइप मजकुराची उंची म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षराची उंची. देवनागरी अक्षर त्या मापात किती मोठे बसते हे फॉन्टनुसार बदलते. आयएसओ ३०९८ मधल्या २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर या मालिकेतली २.५ इंग्रजीला पुरते. मराठीला मी कागदावर ३.५ धरते. ड्रॉइंग मीटरमध्ये असेल आणि १:१०० ला छापायचे असेल, तर ३.५ मिलिमीटरसाठी उंची ०.३५ द्यायची. एमटेक्स्टमध्ये (अनेक ओळींचा मजकूर लिहायची कमांड) ओळींतले अंतरही १.२ ते १.३ पट करा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात.

चाचणीची ओळ

कुठलाही फॉन्ट कामाला लावण्याआधी मी एक ओळ टाइप करते: ‘कऱ्हाड रस्त्यालगत पूर्वेकडील पायऱ्या, स्वच्छतागृह, द्वितीय मजला, एकूण क्षेत्र, ज्ञानेश्वर, विहीर, शाळा, लिंबू’. यात ऱ्ह आणि ऱ्या आहेत, रफार आहे, च्छ, द्व, क्ष, ज्ञ, श्व आहेत, दोन्ही वेलांट्या आहेत, ‘ळ’ आहे, आणि मराठी वळणाने बघायचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत. ही ओळ एकदा साध्या टेक्स्टने आणि एकदा एमटेक्स्टने लिहा. संपादनाच्या चौकटीत सुंदर दिसणारी ओळ बाहेर आल्यावर बिघडू शकते, म्हणून चौकट बंद करून बघा. मग पीडीएफ काढून बघा. शेजारी नोटपॅडमध्ये तीच ओळ त्याच फॉन्टात ठेवून अक्षर अन् अक्षर ताडा. साध्या टेक्स्टमध्ये बिघाड आणि एमटेक्स्टमध्ये ठीक, असे आढळले तर ऑफिसात नियम करून टाका की मराठी फक्त एमटेक्स्टने लिहायची. ऑटोकॅडची आवृत्ती बदलली की ही चाचणी पुन्हा करायची.

‘ल’ आणि ‘श’बद्दल माझा आग्रह आहे. कित्येक युनिकोड फॉन्टांत हिंदी वळणाची अक्षरे पुढे असतात आणि मराठी वळणाची आत दडलेली असतात. सॉफ्टवेअरने ‘हा मजकूर मराठी आहे’ असे फॉन्टला सांगितले तरच ती बाहेर येतात, आणि ऑटोकॅड तसे सांगत नाही. म्हणून ज्यात मराठी वळणच मुळात पुढे आहे असा फॉन्ट निवडा. राज्य मराठी विकास संस्थेची यशोमुद्रा त्यासाठी बघण्यासारखी आहे. गावाच्या शाळेच्या नकाशावर ‘शाळा’ हा शब्द मराठी मुलांना पुस्तकात दिसतो तसा दिसावा, असे मला मनापासून वाटते.

ओटीएफ आला तर

काही चांगले देवनागरी फॉन्ट ओटीएफ फाइलच्या रूपात मिळतात. आयआयटी मुंबईची शोभिका त्यांतलीच. तिची देवनागरी यशोमुद्रेवरच आधारलेली आहे. पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या वळणरेषा असलेला ओटीएफ ऑटोकॅडच्या यादीत येत नाही. त्याचे टीटीएफ, म्हणजे ट्रूटाइप, करावे लागते. फाइलच्या नावाशेवटचे ‘ओटीएफ’ बदलून ‘टीटीएफ’ लिहिल्याने काही होत नाही, आतल्या वळणरेषा बदलाव्या लागतात.

फॉन्टफोर्ज हे मुक्त सॉफ्टवेअर यासाठी आहे. फॉन्ट उघडा, ‘एलिमेंट’ मेनूतल्या ‘फॉन्ट इन्फो’मध्ये जाऊन फॉन्टचे नाव बदला, ‘जनरल’मध्ये एमचा आकार (अक्षराच्या चौकटीचे माप) १००० असेल तर २०४८ करा, आणि ‘फाइल’ मेनूतल्या ‘जनरेट फॉन्ट्स’मधून ट्रूटाइप निवडून नवी फाइल काढा. नाव बदलणे टाळू नका. एकाच नावाचे दोन फॉन्ट मशीनवर असले की कुठला वापरला जातोय ते कळत नाही. शिवाय मुक्त परवान्याच्या अनेक फॉन्टांत बदललेल्या प्रतीला मूळ राखीव नाव देता येत नाही. विकतच्या फॉन्टांच्या बाबतीत तर बदल करण्याची मुभा आहे का, हे परवान्यात आधी वाचा.

देवनागरीत खरी जोखीम जोडाक्षरांच्या नियमांची असते. फॉन्टमध्ये आकारांबरोबर ‘कुठल्या अक्षरापुढे कुठले आले तर काय दाखवायचे’ याचे तक्ते असतात, आणि फॉन्टफोर्जमधून जाताना ते क्वचित बिघडतात. चाचणीची ओळ इथे पुन्हा लावा. ती बिघडली तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फॉन्टटूल्सवर चालणारे ओटीएफ-टू-टीटीएफ साधन वापरा. ते फक्त वळणरेषा बदलते आणि तक्त्यांना हात लावत नाही. कमांड लिहायची सवय असेल तर मी सरळ तेच सुचवेन.

एसएचएक्स

एसएचएक्स विंडोजमध्ये बसवायचा नसतो. तो ऑटोकॅडच्या फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मध्ये ठेवला की झाले. त्याहून चांगली पद्धत म्हणजे सर्व्हरवर ऑफिसचे एक फॉन्ट-फोल्डर करायचे आणि ‘ऑप्शन्स’मधल्या ‘फाइल्स’ टॅबवर ‘सपोर्ट फाइल सर्च पाथ’मध्ये त्याचा पत्ता जोडायचा. नवी आवृत्ती आली तरी फोल्डर तिथेच राहते आणि सगळ्यांकडे एकच संच असतो.

इथे एक सावधगिरी. जीआयएसच्या (संगणकावरच्या भौगोलिक नकाशांच्या) शेपफाइलमध्येही एसएचपी आणि एसएचएक्स याच आडनावाच्या फाइली असतात. गावाच्या हद्दी क्यूजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरमधून आल्या की त्या फोल्डरात अशा फाइली दिसतात. त्या नकाशाच्या भूमितीच्या आहेत, फॉन्टशी त्यांचा काही संबंध नाही. त्या फॉन्टच्या फोल्डरात टाकू नका, आणि फॉन्ट समजून पुसूनही टाकू नका.

हरवलेल्या एसएचएक्सची खिडकी आली की त्यात ‘बिगफॉन्ट’ असे लिहिले आहे का ते वाचा. चीनहून आलेल्या पंपांच्या, यंत्रांच्या ड्रॉइंगांत बिगफॉन्ट, म्हणजे हजारो अक्षरांच्या लिपीसाठीचे एसएचएक्स, असतात. त्यांच्या जागी सिम्प्लेक्स दिला तर हा साधा फॉन्ट आहे, बिगफॉन्ट नाही, असे उत्तर मिळते. ऑटोकॅडबरोबर येणारा जीबीसीबिग तिथे बहुधा चालतो. साध्या एसएचएक्सच्या जागी रोमनएस किंवा सिम्प्लेक्स द्या. तोच हरवलेला फॉन्ट वारंवार येत असेल तर फॉन्ट-मॅपिंगची फाइल करा: प्रत्येक ओळीत जुन्या फॉन्टचे नाव, अर्धविराम, नव्या फॉन्टचे नाव. पण ही युक्ती कृतिदेवकडून मंगलकडे जायला उपयोगाची नाही. मॅपिंगने फक्त आकार बदलतात. आतला मजकूर ‘आय, क्यू, टिंब’च राहतो.

मराठीचा एसएचएक्स करता येईल का, असे नवीन मुले विचारतात. करता येतो, पण आधी काय हवे ते ठरवा. एसएचएक्सचा मूळ मजकूर एसएचपी या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहितात आणि कम्पाइल कमांडने त्याचा एसएचएक्स करतात. प्रत्येक आकार म्हणजे आकड्यांची रांग. ०६४ मध्ये ६ ही लांबी आणि ४ ही दिशा, म्हणजे सहा एकक सरळ वर. ०२० म्हणजे दोन एकक उजवीकडे. नुसता २ म्हणजे पेन उचला, १ म्हणजे टेकवा, आणि शेवटी शून्य. वाक्याच्या शेवटचा दंड काढायचा तर सहा वर रेघ, पेन उचला, सहा खाली, दोन उजवीकडे, शून्य: पाच बाइट. फाइलच्या माथ्यावर फॉन्टची उंची आणि रेषेखालची खोली द्यावी लागते, आणि दहा क्रमांकाचा आकार नव्या ओळीसाठी राखावा लागतो. उत्तर दिशेचा बाण, विहिरीची खूण, नळकोंडाळ्याची खूण अशा मोजक्या खुणांसाठी हे काम अतिशय समाधानाचे आहे. एक्सप्रेस टूल्स या ऑटोकॅडच्या जादा कमांडांच्या संचातली एमकेशेप कमांड तर आकार नुसता काढून दिला की त्याचा शेप करून देते.

अख्खी मराठी मात्र त्यात आणू नका. एसएचएक्सला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत; जसे आकडे येतील तशी अक्षरे तो डावीकडून उजवीकडे मांडत जातो. म्हणजे वेलांटी आधी टाइप करायची, अर्धी अक्षरे वेगळ्या कळांवर ठेवायची, अशी जुन्या फॉन्टांचीच पद्धत पुन्हा जन्माला घालावी लागते. लिबरकॅड या मुक्त ड्राफ्टिंग सॉफ्टवेअरच्या एलएफएफ फॉन्टांनाही हीच मर्यादा आहे. त्याच्यासोबत टीटीएफचे एलएफएफ करणारे साधन येते, पण त्यातून देवनागरीचे सुटे आकारच मिळतात. फॉन्टफोर्जमधून पीएफबी (पोस्टस्क्रिप्ट फॉन्टची फाइल) काढून तो कम्पाइल करण्याचाही एक मार्ग आहे. त्यातून अक्षराची फक्त बाह्यरेषा मिळते, पोकळ आणि जड. मी तो सुचवत नाही.

जुन्या ड्रॉइंगची मराठी युनिकोडमध्ये

हे काम वेळ खाते, पण एकदा केले की ड्रॉइंग पुढच्या कितीही वर्षांसाठी मोकळे होते. शिवाय जुन्या फॉन्टांचे ऑटोकॅडशी मुळातच जमत नाही. कृतिदेवमध्ये टिंबाच्या कळीवर अर्धा ‘ण’ आहे. त्यामुळे क्षेत्रफळाच्या तक्त्यातल्या ३.२५ ला चुकून ती स्टाइल लागली तर दशांशचिन्हाच्या जागी ‘ण्’ उमटतो. ‘क्षेत्र’ हा शब्द कृतिदेवमध्ये उघडणारा महिरपी कंस, के, एस आणि बरोबरचे चिन्ह असा लिहिला जातो. एमटेक्स्टमध्ये महिरपी कंस ही स्वरूपणाची खूण आहे. लिस्प (ऑटोकॅडमधली प्रोग्रामिंग भाषा) किंवा स्क्रिप्टमधून असा मजकूर घातला की कंस गिळला जातो आणि ‘क्षेत्र’चा ‘क्ष’ नाहीसा होतो. उलट्या तिरप्या रेघेचेही तसेच.

आधी ड्रॉइंगची प्रत करा. मग क्विक सिलेक्टने त्या एका स्टाइलचा मजकूर निवडून वेगळ्या लेयरवर घ्या. ही पायरी वगळू नका, कारण कन्व्हर्टरला, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड करणाऱ्या साधनाला, इंग्रजी आणि कृतिदेव यांतला फरक कळत नाही. ‘आरसीसी’ ही इंग्रजी टीप त्यातून गेली की ‘त्ब्ब्’ होऊन परत येते. याच कारणासाठी ड्रॉइंगचे डीएक्सएफ (देवाणघेवाणीची फाइल) करून अख्खी फाइल कन्व्हर्टरमध्ये घालू नका. लेयरची नावेसुद्धा त्यात बदलतात आणि फाइल उघडत नाही.

मजकूर थोडा असेल तर सरळ हाताने करा: एका बाजूला कन्व्हर्टर, दुसऱ्या बाजूला ड्रॉइंग, एकेक ओळ चिकटवत जा. प्लॉटधारकांची मोठी यादी असेल तर डेटा एक्स्ट्रॅक्शनने मजकूर आणि त्याचे एक्स-वाय स्थान एक्सेलमध्ये काढा, मजकुराचा स्तंभ एकदम बदला, आणि स्थानावरून ताडून परत घाला. परत घालण्यासाठी लिस्प वापरणार असाल तर ऑटोकॅड २०२१ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. तिथून लिस्पला युनिकोड पूर्णपणे समजते.

कन्व्हर्टरने दिलेला मजकूर वाचल्याशिवाय ड्रॉइंगमध्ये ठेवू नका. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरावर असेल, रफार दोन अक्षरांवरून जात असेल, ‘ऱ्या’ असेल, ‘ॲ’ असेल, तिथे हिंदीसाठी बनवलेली साधने अडखळतात. मालकांची नावे, गट नंबर आणि मौजे सातबाऱ्याशी किंवा मिळकत पत्रिकेशी ताडा. नकाशावरचे नाव ही एखाद्याच्या जमिनीची ओळख असते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी सांगते, एकीने मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने कागदावर बोट ठेवायचे.

एमटेक्स्टची एक खोच आहे. स्टाइल बदलली तरी काही शब्द जुन्याच फॉन्टात राहतात, कारण त्या शब्दांना आतून वेगळा फॉन्ट लावलेला असतो. मजकूर उघडा, सगळा निवडा, उजवी क्लिक करून ‘रिमूव्ह ऑल फॉर्मॅटिंग’ करा. शेवटी पर्ज कमांडने जुन्या स्टाइल काढून टाका, म्हणजे पुढे कुणी त्या वापरणार नाही.

मोजमापांच्या डायमेन्शन-स्टाइलला मराठी स्टाइल लावू नका. त्यांना वेगळी एसएचएक्स किंवा आयएसओसीपीईयूआर स्टाइल द्या.

बाहेर देताना

पीडीएफ द्यायची असेल तर डीडब्ल्यूजी-टू-पीडीएफ प्लॉटरच्या पीडीएफ ऑप्शन्समध्ये दोन पर्याय आहेत. ‘कॅप्चर फॉन्ट्स’ने फॉन्ट पीडीएफच्या आत जातो आणि मजकूर शोधता येतो. ‘कन्व्हर्ट ऑल टेक्स्ट टू जिऑमेट्री’ने सगळा मजकूर रेषांचा होतो आणि कुठल्याही संगणकावर तसाच दिसतो. छपाईच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जाताना मी दुसरा पर्याय वापरते. मूळ ड्रॉइंगला यात धक्का लागत नाही, हे त्याचे मोठे सुख. पीडीएफमध्ये एसएचएक्स मजकुरावर पिवळ्या टिपा दिसत असतील तर पीडीएफएसएचएक्स हे चल शून्य करा. अक्षरे पोकळ छापली जात असतील तर टेक्स्टफिल एक आहे ना ते बघा.

ऑनलाइन मंजुरीसाठी जिथे प्रणाली ड्रॉइंगमधूनच खोल्यांची आणि मजल्यांची नावे वाचते, तिथे मजकूर कधीच फोडू नका. तिला अक्षरे लागतात, अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेषा नाहीत.

लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगला मात्र रेषाच द्याव्या लागतात. एक्सप्रेस टूल्समधली टीएक्सटीईएक्सपी कमांड मजकुराच्या पॉलिलाइन करते. ऑटोकॅड एलटीमध्ये ती नसते. ती पडद्यावर दिसते तेवढ्यावरच काम करते. म्हणून आधी टेक्स्टक्यूएलटीवाय (TEXTQLTY) हे चल १०० करा, मजकूर पडद्यावर पूर्ण मावेल इतका मोठा करा, आणि मग कमांड द्या. देवनागरीत यानंतर एक काम उरते. शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि मशीन त्या प्रत्येक जोडावर उभा काप घेते. सगळ्या बंद आकारांचे रीजन (भरीव क्षेत्र) करा आणि त्यांना एकत्र जोडणारी युनियन कमांड लावा, म्हणजे शब्दाची एकच सलग बाह्यरेषा मिळेल. पत्र्यातून अक्षर आरपार कापायचे असेल तर ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तो धरून ठेवायला पत्र्याचा पूल सोडा. पूल किती रुंद हवा हे कापणाऱ्याला विचारा; त्याचा पत्रा आणि त्याचे मशीन त्याला माहीत असते.

ऑटोकॅडमध्ये जोडाक्षरे नीट येत नसतील तर हे सगळे इंकस्केप या मुक्त चित्र-सॉफ्टवेअरमध्ये करा. तिथे मराठी उत्तम जुळते. मजकूर लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, ग्रुप सुटा करून ‘युनियन’ करा, आणि डीएक्सएफ म्हणून मिलिमीटरमध्ये जतन करा. ऑटोकॅडमध्ये आणल्यावर शब्दाची लांबी मोजून माप बरोबर आले का ते बघा.

डीडब्ल्यूजीच द्यायची असेल तर ड्रॉइंग आणि त्याच्या सोबतच्या फाइली एकत्र बांधून देणारी ई-ट्रान्समिट कमांड वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये ‘इन्क्लूड फॉन्ट्स’वर खूण करा. मुक्त परवान्याचे फॉन्ट असे बिनदिक्कत देता येतात. श्रीलिपीसारखे विकतचे फॉन्ट असतील तर ते झिपमधून काढून टाका, आणि सोबतच्या टिपेत फॉन्टचे नाव, आवृत्ती आणि तो मिळण्याचे ठिकाण लिहून द्या. त्याच टिपेत चाचणीची ओळ आणि ती कशी दिसायला हवी त्याची पीडीएफ जोडा. पलीकडच्या माणसाला ड्रॉइंग उघडल्याबरोबर ताडून बघता येते.